माझी जागा पात्यापुढे होती

मी जाळी बोलतेय. खिडकीची नव्हे, आणि कोळ्याची तर नव्हेच. पुठ्ठा कापायच्या यंत्राला पात्याच्या पुढे बसवतात ती लोखंडी जाळी. दीड हात लांब, वीतभर उंच, चार बोल्टांवर घट्ट. पातं खाली येताना माणसाचा हात त्याच्याखाली जाऊ नये, एवढंच माझं काम. दुसरं मला काही येत नाही.

यंत्र घडलं तिथंच मीही घडले. ज्या कारागिरानं मला बसवलं त्यानं आपली बोटं माझ्यातून आत घालून बघितली. गेली नाहीत, तेव्हा त्यानं मान डोलावली. आयुष्यात मी दिलेली ती एकच परीक्षा, आणि तिच्यात मी पास झाले होते.

बरीच वर्षं एका मोठ्या कारखान्यात काढल्यावर आम्ही दादाकडे आलो. दादा त्याच कारखान्यात याच यंत्रावर कामाला होता. कारखाना बंद झाला तेव्हा त्यानं यंत्र विकत घेतलं आणि भाड्याच्या एका लांबट खोलीत स्वतःचा खोक्यांचा धंदा मांडला. चपलांची खोकी, औषधांची खोकी, केकची खोकी. त्याच्याबरोबर त्याच कारखान्यातली मावशी आली. दादाला पातं कसं लावायचं हे शिकवलं होतं तिनंच. ती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. तो तिला अहोजाहो करी, ती त्याला अरेतुरे.

पहिल्या दिवशी तिनं हातातली पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "दादा, मला कामावर घेतल्याचा कागद देणार आहेस की नुसताच शब्द?"

"मावशी, आपल्यात कसला कागद?" दादा हसला.

ती पण हसली. मला मात्र हसू आलं नाही. कागद नसला की काय होतं, हे मी जुन्या कारखान्यात पाहिलं होतं. पण जाळीला विचारतंय कोण?

दादा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. मावशीचा गुडघा दुखतो म्हणून त्यानं तिच्यासाठी उंच स्टूल बनवून घेतलं. कुणाचं मूल आजारी पडलं तर स्वतः दवाखान्यात घेऊन जाई. धंदा वाढला, दोनाची आठ माणसं झाली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, सगळी कागदपत्रं बघायची. तिनं एकदा एका वकीलबाईंना बोलावलं. त्यांनी खोलीभर फेरी मारली आणि बोटांवर मोजत सांगितलं, "प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र द्या. माणसांचा विमा काढा. मागचं दार मोकळं ठेवा. आणि ही जाळी कधीही काढू नका."

माझं नाव कुणी असं घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"करू सगळं," दादा म्हणाला. मागचं दार त्याच आठवड्यात मोकळं झालं. विमा वहिनीनं पाठपुरावा करून काढून घेतला. पत्रांचं मात्र आज करू, उद्या करू, असंच चाललं.

मग ती मोठी ऑर्डर आली. दादाचा मेहुणा बाहेरची कामं आणायचा, त्यानंच आणली. इतक्या कमी दिवसांत इतकी खोकी आम्ही कधीच केली नव्हती. खोकं कापलं की कडेची कातरण पात्यापाशी अडकते. ती काढायची तर यंत्र थांबवायचं, मला बिजागरीवर वर उचलायचं, कातरण काढायची, मला खाली करायचं, पुन्हा यंत्र चालू. दिवसात हे शंभरदा व्हायचं.

"ही बया आडवी येतेय," मेहुणा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "काढून ठेवा चार दिवस. चालू यंत्रात हातानं कातरण ओढता येते, मी पाहिलंय."

मावशी म्हणाली, "मी नाही काढणार. दादा सांगत असेल तर त्यानं काढावी."

दादानं थोडा वेळ पुठ्ठ्याच्या थप्प्यांकडे पाहिलं. मग पाना घेतला. चार बोल्ट निघाले आणि मी समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगली गेले. "चारच दिवस, मावशी," तो म्हणाला.

ऑर्डर वेळेवर गेली. पण तिच्यामागून दुसरी आली. चार दिवसांचे चार महिने झाले, मग वर्ष झालं. माझ्यावर पुठ्ठ्याची भुकटी बसली. सुरुवातीला मावशी रोज सकाळी माझ्याकडे एकदा बघायची, नंतर तेही थांबलं. माणसाला धोक्याची सवय होते तेव्हा तो तिला कसब म्हणतो. नव्या बायकांना मावशीचा हात दाखवून सांगत, "बघा, पापणी लवते न लवते तोच कसा बाहेर येतो." मी खिळ्यावरून पातं आणि हात, पातं आणि हात मोजत बसायचे.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी होऊन तासभर झाला होता. मावशीला मागून कुणीतरी हाक मारली, काहीतरी साधंच विचारायला. तिनं मान वळवली. हात मात्र सवयीनं आत गेला.

मी तिच्यापासून सहा पावलांवर होते. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

दादानं अंगातला शर्ट काढून तिचा हात गुंडाळला आणि तिला उचलूनच गाडीत घातलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची.

संध्याकाळी दादा परत आला तेव्हा मेहुणा वाटच बघत होता. "उद्या तपासणीवाले येतील," तो म्हणाला. "जाळी चढवा. विचारलं तर सांगायचं, होती, तिनंच काढली. नाहीतर कारखान्याला सील लागेल. आठ घरं आहेत यावर, एकट्या मावशीचं नाही."

"तिनं काढली नव्हती," दादा म्हणाला.

"ते तुम्हाला माहीत आहे आणि मला."

आणि मला. पण मला कोण मोजणार?

दादानं मला पुसलं. बोल्ट बसवताना तो त्याच्या हातून दोनदा खाली पडला. मी पुन्हा माझ्या जागी बसले. वर्षभर मला तीच जागा हवी होती. ती मला खोटं बोलण्यासाठी मिळाली.

अधिकारी आले, माझे फोटो काढले. मला हलवून बघितलं. मी घट्ट बसले होते, दुसरं काय करणार? "ही लावलेली असायची?" त्यांनी विचारलं.

"असायची," दादा जमिनीकडे बघत म्हणाला. वहिनी दारात उभी होती. तिच्या शेजारच्या भिंतीवर सगळीकडे भुकटीचा करडा थर होता, फक्त खिळ्याखाली माझ्या आकाराचा पांढरा चौकोन. अधिकाऱ्यांनी वळून पाहिलं नाही. वहिनीनं पाहिलं. ती आत निघून गेली.

तीन आठवड्यांनी मावशी आली, हात गळ्यातल्या झोळीत अडकवून. तिचा जबाब कागदावर तयार होता. मेहुण्यानं लिहून आणला होता.

"वाचून दाखव," ती दादाला म्हणाली.

"तुम्हाला वाचता येतं, मावशी."

"तू वाच."

दादा वाचू लागला. नाव, वय, काम. मग, "जाळी मी स्वतःच्या मर्जीनं..." इथं तो थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडला. खोलीत सगळ्यांचे हात थांबले होते.

"कागद द्यायचा म्हटलं तेव्हा आपल्यात कागद नव्हता," मावशी सावकाश म्हणाली. "आता आहे होय?"

दादानं कागद खाली ठेवला. "मावशी, नका करू सही. मी खरं सांगतो त्यांना. होईल ते होईल."

"आणि काय होईल? कुलूप लागेल. मग मी या हातानं कुणाच्या दारात जाऊ? या सगळ्याजणी कुठं जातील?" तिनं आजूबाजूला पाहिलं. "उजव्या हातानं सही होणार नाही," ती म्हणाली. "शाई आण."

तिनं डाव्या हाताचा अंगठा लावला. दादा तोंड फिरवून उभा होता. मी चार बोल्टांवर घट्ट होते आणि त्या कागदावर माझंही नाव होतं.

कारखाना चालू राहिला. मावशीला दारापाशी बसून खोकी तपासायचं काम दिलं. विम्याचं जे मिळायचं ते मिळालं, पण जबाबामुळे बरंच कमी. वहिनीनं दुसऱ्याच दिवशी आठही जणांची नेमणुकीची पत्रं केली. मावशीनं आपलं पत्र न वाचताच घडी करून पिशवीत ठेवलं.

यंत्रावर आता एक नवी बाई आहे. कामाला चपळ. मागच्या आठवड्यात कातरण अडकली तेव्हा ती वैतागून म्हणाली, "ही जाळी काढली तर दुप्पट काम होईल." मेहुण्यानं तिला गप्प केलं नाही. काल तिनं माझे दोन बोल्ट सैल केले, मला जरा बाजूला सरकवता यावं म्हणून.

आज सकाळी मावशी उठून यंत्रापाशी आली. नव्या बाईला तिनं काही म्हटलं नाही, फक्त बटण बंद केलं. डाव्या हातानं पाना धरून बोल्ट आवळू लागली. डाव्या हाताला तो सराव नाही, पाना तीनदा निसटला. एक बोल्ट बसला. दुसऱ्याला मला कुणीतरी धरून ठेवायला हवं होतं आणि तिच्या उजव्या हातात ती पकड उरली नव्हती. दादा आतल्या खोलीतून बघत होता. शेवटी तो आला आणि त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं. तिनं बोल्ट आवळला. दोघंही एकमेकांकडे न बघता आपापल्या जागी गेले.

ते दोघं नसतील तेव्हा काय होईल, मला माहीत नाही. मला हात नाहीत आणि आवाजही नाही. हे एवढं सांगतेय तेसुद्धा तुम्ही ऐकताय म्हणून. तुमच्या कारखान्यात, दुकानात, गिरणीत माझ्यासारखी कुणी असेल तर ती कुठं आहे, एवढं आज जाऊन बघा. खिळ्यावर असेल तर तिला खाली काढा. ती स्वतः उतरू शकत नाही.