पेवाच्या तोंडावर

हळदीचं पेव उघडलं की हरिपुरात आधी कंदील सोडायचा, ही जुनी रीत. पेव म्हणजे वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, आणि आत महिनोन्‌महिने कोंडलेली हवा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरवायचा. विझला तर पेव दिवसभर उघडं टाकायचं. एवढी साधी गोष्ट! पण चौऱ्याहत्तर साली लालासाहेब अडत्यानं तिची पूजा करून टाकली होती. कंदील गेला, चांदीचं निरांजन आलं, नारळ आला. निरांजन विझलं की शेठ म्हणायचा, "अपशकुन झाला. दुसरा नारळ फोडा."

त्या दिवशी पेवात सोडलेलं निरांजन तीनदा विझलं आणि तीन नारळ फुटले. बाहेर मुंबईचा ट्रक खोळंबला होता. मुकादम जोतिबानं सोळा वर्षांच्या मानसिंगच्या कमरेला दोर बांधला. पोरगा अंगानं काटकुळा, म्हणून पहिला मान त्याचा. मान कसला डोंबलाचा!

पलीकडं हळद निवडणाऱ्या हरणाबाईनं ते बघितलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मानसिंग तिचा एकुलता एक. गेल्या साली शेजारच्या पेवात आदगोंडा हमाल उतरला तो खाली बसला तसाच कलंडला, आणि त्याला काढायला गेलेला त्याचा भाऊही वर आला नाही. दोघांची मढी तिनं या डोळ्यांनी पाहिली होती. हातातलं सूप भिरकावून ती धावली, पेवाच्या तोंडावर फळी ओढली आणि तिच्यावर मांडी ठोकून बसली.

"हरणे, ऊठ! खोळंबा करू नगंस," मुकादम खेकसला.

"न्हाई उठत! तीन डाव दिवा विजला, आंधळा हाईस व्हय रं? देव रुसला न्हाई, आत हवाच न्हाई. जितं दिवा जगंना, तितं माजं पोरगं जगंल व्हय?"

लालासाहेब तावातावानं पुढं आला. "तीन नारळ फोडलेत मी. आणखी काय पायजे तुला?"

"पेव उद्यापातूर उघडं ठेवा. मग कंदील सोडा."

"आणि ट्रक?"

"नारळ सोडा की खाली! त्योच पोती भरून दील."

हमाल फसकन हसले. मानसिंगचं तोंड शरमेनं लाल झालं. "आये, ऊठ. लोक हसत्यात. मी काय तान्हा हाय? जातो मी," म्हणत तो फळी ओढायला लागला. त्यासरशी तिनं त्याच्या कानाखाली वाजवली.

"हसू देत! लाजंनं कोण मरत न्हाई, मुडद्या!" ती ओरडली. त्याच्या कमरेच्या दोराची गाठ हातानं सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी सोडवली.

"उद्यापासनं दोघंबी कामावर येऊ नका," शेठ म्हणाला.

"येनार! हळद काढायला येतो आमी, जीव द्यायला न्हाई."

मुकादमानं दोर एकेका हमालापुढं धरला. कुणी हात पुढं केला नाही. शेठचं डोकं फिरलं. "मग तूच उतर, जोतिबा!"

जोतिबा दोन पावलं मागं सरला. "आवं शेठ, मी कसा उतरू? मला घरी आई हाय."

हरणाबाई फळीवरून उठली आणि मानसिंगला हाताला धरून सरळ जोतिबाच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

"आन् मी ह्येची कोन हाय रं?"