अंधाराची बातमी

"ताई, अंधार! मिट्ट अंधार!" मी फोनवर ओरडलेच.

ताईला अर्थ ठाऊक होता. तिच्या गाठीचे पातळ काप आमच्या प्रयोगशाळेत आले होते आणि ते मी हट्टाने माझ्याकडे घेतले होते. काप औषधात ठेवायचा, मग त्यावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण सोडायचे. कर्करोगाचं एन्झाइम जागं असेल तर ते कण तोडतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा उजेड पडतो. अंधार म्हणजे एन्झाइम गप्प, औषध लागू. जग उजेडासाठी देव पाण्यात घालून बसतं, मी अंधारासाठी बसले होते!

"खरं सांगतेस?" ताईचा आवाज कापला. मग तिची हाक ऐकू आली, "अहो, ऐकलंत का? औषध लागू पडलं!" भाऊजी हसत होते की रडत होते, कळेना.

फोन ठेवला तर मागे आमच्या मॅडम. "बिनऔषधाची डिश बघितलीस?"

"बघते ना!" मी ती सरकवली. तिथे औषधच नाही, म्हणजे लख्ख हिरवं दिसायलाच हवं. तिथेही अंधार.

वळून पाहिलं, तर कणांची कुपी खिडकीत, भर उन्हात, फॉइल न गुंडाळता उघडी. उजेडात या कणांची चमक मरते, हे नव्या पोरींना मीच दटावून सांगते. आणि सकाळी ताईच्या धास्तीत स्वतःच विसरले. शहाणीच की मी!

"काप उरलेत," मॅडम एवढंच म्हणाल्या. "नवी कुपी घे."

पडदे ओढून पुन्हा सगळं केलं. बिनऔषधाची डिश हिरवी झाली. दुसरी सरकवताना मी डोळे गच्च मिटले. उघडले, तर तीही तेवढीच हिरवीगार. औषधाने काडीचाही फरक पडला नव्हता.

आता कोणत्या तोंडाने सांगू? कसाबसा फोन लावला. "ताई..." म्हटलं, पुढे शब्दच फुटेना.

आईमागे तिनेच वाढवलंय मला, नुसत्या श्वासावरून ओळखते.

"आज नको," ती हळूच म्हणाली. "किती दिवसांनी हे पोटभर जेवलेत. आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा. तू उद्या ये. दोघी मिळून सांगू त्यांना."