चौथा दोष

पितांबर सरांची एक खोड होती. सिनेमात गुण चार निघाले की दोषही चारच काढायचे. जळगावच्या एका साप्ताहिकात त्यांचं सदर यायचं, आणि दोन्ही पारडी सारखी झाली की आपण फार न्यायी आहोत असं त्यांना वाटायचं. न्यायी कसले डोंबलाचे!

अठ्ठ्याऐंशी साली हेरगिरीचा एक मारधाडपट आला. सर धुळ्याच्या देवपुरातून खास जळगावला गेले. मारामाऱ्या चोख, पाठलाग दमदार, संगीत ठसकेबाज, खलनायक तर अस्सल. गुण झाले चार. दोष मात्र तीनच: गाणी फार, नायिकेला काम नाही, आणि हेर शत्रूच्या गोटात टाय लावून हिंडतो. शेवटची वीस मिनिटं उरली होती, पण साडेपाचची धुळे एसटी चुकली असती. सर उठले. थेटराबाहेरच्या फोटोत हेर पुलावरून उडी घेत होता, तेवढं जाता जाता पाहिलं आणि गाडीत बसून लिहून टाकलं, 'शेवटी पुलावरून पडतं ते पेंढ्याचं बाहुलं, हे शेंबडं पोरही ओळखेल.' असल्या सिनेमात बाहुलंच असतं, मग पाहायचं कशाला?

दीड वर्षानं एक माणूस लंगडत त्यांच्या घरी आला. अमळनेरकडचा हिलाल. मुंबईत नटांच्या जागी उड्या मारायचा. त्यानं खिशातलं कात्रण काढून चौथ्या दोषावर बोट ठेवलं.

"ही उडी मन्ही शे, सर. पाय तठेच मोडना."

म्हणजे पुलावरून पडला तो हिलालच, बाहुलं नव्हे; आणि पाय तिथंच मोडला होता. हिलाल रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या वडिलांनी, आबांनी, पारावर हे कात्रण वाचून घेतलं होतं. शिकलेला माणूस खोटं कशाला लिहील? पोरगा दारू पिऊन कुठंतरी पडला आणि आता थापा मारतो, असं आबांनी धरलं ते धरलंच. मग त्याच्याशी बोलणंही टाकलं.

"मी सिनेमा देखा नही," हिलाल म्हणाला. "तुम्ही देखा ना? खरंच बाहुलं वाटनं का?"

पुन्हा एक थाप सरांच्या जिभेवर आली होती. त्यांनी ती गिळली.

"मी उडी पाहिलीच नाही, हिलाल. एसटीसाठी आधीच उठलो. पुढच्या अंकात चूक कबूल करतो. आबांना मी स्वतः येऊन वाचून दाखवतो."

हिलालनं कात्रणाची घडी घातली.

"आबा चैत महिनामाच वारी गयात," तो म्हणाला, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागला.