जठारपेठेतल्या झारीची तक्रार

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे आणि मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी शांतपणे सांगावी, अशी तुमची अपेक्षा असते. मला ते जमणार नाही. झारीचे काम झाडांना पाणी घालण्याचे. माझ्याकडून माणसांनी काय करून घेतले ते ऐका आणि मग सांगा, माझा राग खोटा आहे का.

माझा जन्म अकोल्यात, सूर्यभान नावाच्या कारागिराच्या दुकानात झाला. तो धान्याच्या कोठ्या बनवायचा. एका कोठीतून उरलेला जाड पत्रा त्याने गोल वळवला, सांधे कथलाचा डाग देऊन जोडले, लांब तोटी बसवली आणि तोटीच्या तोंडावर बारीक भोकांची चाळणी लावली. मग मला पाण्याने भरून त्याने दुकानासमोरच्या धुळीवर धरले. पाणी इतके हलके पडले की धुळीत खळगासुद्धा झाला नाही.

"पाह्य, धार कशी पडून राहिली!" तो शेजाऱ्याला म्हणाला. "रोपाची मान मोडनार नाई हिच्यानं."

माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक. पुढे पुष्कळ वर्षे मी त्या शब्दाला जागले.

मला भावना तायडे यांनी विकत घेतले. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचे पती सुगत वीज खात्यात आहेत. जठारपेठेतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचे घर आहे आणि सगळ्या बिऱ्हाडांची परवानगी घेऊन त्यांनी गच्चीवर बाग केली होती. जुन्या टबांत वांगी आणि टमाटर, विटा रचून केलेल्या वाफ्यांत मेथी, पालक आणि सांबार. हो, आम्ही वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबारच म्हणतो.

त्या बागेत बाजारचे औषध कधी आले नाही. कोपऱ्यात एक तडा गेलेले पिंप होते. त्यात भावनाबाई भाजीचे देठ आणि साली टाकत, वर वाळला पाला पसरत, पुन्हा साली, पुन्हा पाला. अधूनमधून खालीवर करत. पुढे त्याचे काळे, भुसभुशीत खत होई. त्याला घाण वास येत नसे. पानांवर माव्याची कीड पडली की त्या कडुनिंबाचा पाला उकळत, पाणी गाळून गार करत आणि माझ्यात भरत. बोअरचे खारे पाणी त्या टाळत, कारण त्याने कुंड्यांच्या काठावर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा जळतात. नळाला पाणी आले की ते साठवून ठेवत. उन्हाळा तापला की वर हिरवी जाळी आणि मातीवर पाचोळ्याचे पांघरूण. अकोल्याच्या मे महिन्यात गच्चीवर अनवाणी पाय ठेवून बघा, म्हणजे मुळांना काय वाटत असेल ते कळेल.

आता वरच्या मजल्याकडे येते. तिथे केशवराव नावाचे निवृत्त वकील आणि त्यांच्या पत्नी विमलकाकू राहतात. काकू मला उसनी नेत. त्यांच्या दिवाणखान्यात मनीप्लांट होता. चिनी मातीची रंगीत कुंडी, तळाला एक भोक नाही, खिडकी दूर. आणि काकू रोज मला गळ्यापर्यंत भरून त्या बिचाऱ्यावर उपडी करत! मी पाणी देत नव्हते, मी त्याला बुडवत होते. तोटी दुसरीकडे वळवायचे माझ्या हातात असते, तर मी ते पाणी काकूंच्या सोफ्यावर ओतले असते.

एक दिवस काकूंनी भावनाबाईंना वर बोलावले.

"भावना, हे काहून सडून राहिलं वो? मी तं रोज पाणी टाकते याले."

"काकू, म्हणूनच सडून राहिलं," भावनाबाई हसत म्हणाल्या. "याच्या मुळाले श्वासच नाई भेटून राहिला. आधी बोट घाला मातीत. ओलं लागलं तं झारी खाली ठेवा."

त्यांनी झाड काढले, काळी पडलेली मुळे कापली, तळाला भोक असलेल्या मातीच्या कुंडीत खत मिसळून ते लावले आणि खिडकीजवळ ठेवले. महिन्याभरात नवीन पान उलगडले. काकू ते पान प्रत्येक पाहुण्याला दाखवत. तेव्हापासून दोघींचे चांगले जमले. "लागंल तवा सांबार खुडून नेत जा काकू, विचारायचं नाई," भावनाबाईंनी सांगून टाकले होते.

केशवरावांना मात्र बाग खुपत होती. त्यांच्या झोपायच्या खोलीच्या छताला ओल आली आणि त्यांनी निकाल देऊन टाकला, ही ओल भावनाबाईंच्या कुंड्यांमुळेच आहे. सुगतरावांनी समजावले, "काका, ओल टाकीच्या बाजूनं हाय. कुंड्या तं पलीकडं हायेत. प्लंबरले बोलवू." केशवरावांनी ऐकले नाही. एवढी वर्षे कोर्टात दोन्ही बाजू ऐकणारा हा माणूस! घरी येऊन एकच बाजू ऐकू लागला, आणि ती स्वतःची.

एका शनिवारी भावनाबाई आणि सुगतराव मुलांना घेऊन तिवश्याला नात्यातल्या लग्नाला गेले. मी काकूंच्या बाल्कनीत होते. काकू बाजारात गेलेल्या. संध्याकाळी केशवराव एक बाटली घेऊन आले. तणनाशक. बाटलीवर सूचना छापलेल्या होत्या की याला वेगळे भांडे वापरावे, खाण्याच्या पिकापासून दूर ठेवावे. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. ते माझ्यात ओतले, वर पाणी भरले आणि मला घेऊन गच्चीवर गेले.

मित्रांनो, मी ज्या वांग्यांना रोप असल्यापासून पाजले होते, त्यांच्यावर त्या संध्याकाळी मी विष शिंपडले. मेथीवर, पालकावर, सांबारावर. अगदी हलक्या धारेने, एकाही रोपाची मान न मोडता! माझ्या चांगल्या गुणाचा असा उपयोग करणाऱ्या माणसाला काय म्हणावे, ते तुम्हीच ठरवा. मला बोलता येत असते, तर अख्खी जठारपेठ गोळा केली असती.

मला बाल्कनीत परत ठेवून ते हात धुऊन टीव्हीसमोर बसले. काकूंना त्यांनी एक शब्द सांगितला नाही.

रविवारी त्यांचा मुलगा अमोल आपल्या मुलीला, आचलला, घेऊन अमरावतीहून येणार होता. नातीला आजीच्या हातची सांबारवडी फार आवडते. केशवराव सकाळी फिरायला गेले, तेव्हा काकू उजाडता उजाडताच गच्चीवर जाऊन टोपलीभर सांबार खुडून आल्या. त्या अंधुक उजेडात पाने त्यांना थोडी मलूल दिसली, एवढेच. "ऊन लय लागून राहिलं," असे म्हणत त्यांनी ती दोनतीन पाण्यांतून धुतली, चिरली, सारण केले, वड्या तळल्या. बाल्कनीतून, स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून, मी हे सगळे पाहत होते. 

अमोल आणि आचल आले, ताटे वाढली. आचलने पहिली वडी उचलून तिचा मोठा घास घेतला. केशवरावांनीही वडी हातात घेतली आणि कौतुकाने विचारले, "सांबार कुठला आणला गं? बाजार तर आज उशिरा उघडतो."

"बाजारचा काहून? वरचा हाय, भावनाच्या वाफ्यातला."

त्यांच्या हातातली वडी खाली पडली. ते ताडकन उठले आणि ताट उलटे झाले.

"थुक! आचल, थुक ते! कोनी खाऊ नका!"

"अहो, झालं काय?" काकू घाबरून ओरडल्या.

"विष हाय त्याच्यात. मीच टाकलं काल. माह्याच हातानं." एरवी शुद्ध बोलणाऱ्या वकिलांच्या तोंडी त्या घटकेला घरची भाषा आली होती.

 काकूंनी नातीचे तोंड धुतले. अमोलने तिला उचलले, बाटली बरोबर घेतली आणि सगळे दवाखान्यात धावले. मी एकटी मागे राहिले. त्या रिकाम्या घरातला तो वेळ मी विसरणार नाही.

आचल वाचली. पाने पुष्कळदा धुतलेली होती आणि पोटात गेला तो एकच घास. तरी डॉक्टरांनी तिला दिवसभर नजरेखाली ठेवले. पोरीला उलट्या झाल्या, ती रडून रडून थकली. कोणी घातले, कशात घातले, किती घातले, या डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला केशवरावांना स्वतः उत्तर द्यावे लागले.

संध्याकाळी भावनाबाई परतल्या. तोवर बाग करपली होती. पालक काळा पडला होता, वांग्याची पाने माना टाकून लोंबत होती. काकूंनी केशवरावांना हाताला धरून गच्चीवर आणले.

"सांगा तिले," काकू म्हणाल्या. "मी नाई सांगनार."

त्यांनी सगळे सांगितले. भावनाबाईंनी वाफ्यातले एक करपलेले रोप उपटून हातात घेतले.

"काका, भांडायचं होतं तं माह्याशी भांडायचं. मी खालीच राहते ना? या वाफ्यातलं माही लेकरंबी खातात, तुमची नातबी खाते. तुमी कोनाले मारायले निंगाले होते?"

 

विषारी माती पोत्यांत भरून, तोंडे शिवून वेगळी ठेवण्यात आली. कुंड्या हलल्या आणि गच्ची उघडी पडली, तरी छताची ओल वाढतच गेली. प्लंबरने टाकीखालचा नळ खोलून पाहिला, तर सांधा फुटलेला. ओल तिथूनच होती! एवढे सगळे एका सांध्यापायी झाले.

नवीन माती केशवरावांनी स्वतः जिने चढून वर आणली. सुगतराव मदतीला आले, तर त्यांना म्हणाले, "राहू द्या, हे मलाच आणायचं आहे." भावनाबाईंनी नव्या मातीत पिंपातले खत मिसळले आणि सांबार पुन्हा पेरला.

पण माझे काय? भावनाबाईंनी मला कितीतरी वेळा धुतले, उन्हात उपडे ठेवले आणि शेवटी म्हणाल्या, "सांध्यात काय राह्यलं असंल, सांगता येत नाई. हिचं पाणी खायच्या झाडाले नको." त्यांचे बरोबर आहे, हे मला कळते. म्हणून काही माझा राग कमी होत नाही. त्यांनी माझ्या पोटावर लाल रंगाने 'विष' असे लिहिले आणि मला टाकीजवळच्या खिळ्याला उंच टांगले. गुन्हा माणसाने केला आणि नाव मला पडले. आता बागेला प्लास्टिकची हिरवी झारी पाणी घालते. तिच्या चाळणीची धार जाड आहे. रोपे वाकतात. मी वरून बघते आणि चडफडते.

मित्रांनो, मातीत बोट घालून मग पाणी द्या, कुंडीला भोक ठेवा, घरातल्या झाडाला खिडकी द्या. पण त्याहून मोठे मागणे हे आहे की, ज्या भांड्याने पाणी पाजता, त्यात विष कधी भरू नका. आणि शेजाऱ्याचा राग आला, तर जिना उतरून त्याचे दार वाजवा.

परवा आचल आली होती. पाणी घालायला म्हणून तिने टाचा उंचावून माझ्याकडे हात नेला. केशवरावांनी धावत येऊन तिचा हात धरला.

"ती नको घेऊ, बाळा."

"काहून आजोबा? ती झारी वाईट हाय का?"

 केशवराव माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "झारी लय चांगली हाय. भरनारा वाईट होता."