लाल वेटोळं

या, जरा जवळ सरकून बसा. आवाज चढवून सांगण्याजोगी ही गोष्ट नाही. एका झेरॉक्सवाल्याची आहे, आणि त्याच्या बायकोची, जिचा आवाज शेकडो माणसांनी ऐकला आणि चेहरा त्यांच्यातल्या कुणीच पाहिला नाही. चित्त तेवढं इकडे असू द्या.

झेरॉक्सवाल्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, तेव्हा दुपारचे दोनच वाजले होते. त्याची भाची वाकून आत आली.

"बरं नाही का मामा? भर दुपारी शटर?"

"बस." त्याने स्टुलावरचा कागदांचा गठ्ठा उचलून खाली ठेवला. "त्या यादीतलं एक निवडलं मी."

यादी भाचीनेच सांगितलेली. मामी गेल्याला दोन महिने झाले होते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मामी अकरा वर्षं पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची आणि आपल्या वेबसाइटवर लावायची. ती वेबसाइट दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर राहत होती. गेल्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं: तुमचा सर्व्हर ज्यावर चालतो ते लिनक्स फार जुनं झालं, त्याची डागडुजी यापुढे होणार नाही, नवं निवडा.

भाचीची नोकरीच सर्व्हर सांभाळण्याची. तिने फोनवर चार नावं सांगितली, मामाने ती एका बिघडलेल्या कॉपीच्या पाठकोऱ्या बाजूला लिहून घेतली. "आतलं इंजिन सगळ्यांचं एकच, लिनक्स. गाडी बांधणारे वेगळे. उबुंटूचं अडलं तर सांगायला माणसं पुष्कळ. डेबियन धीमं, पण भरवशाचं. अल्माची डागडुजी दहा वर्षं चालते. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवे कपडे शिवतं."

"स्थळंच सांगतेयस की गं," मामा तेव्हा म्हणाला होता. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तो काहीतरी गमतीचं बोलला, म्हणून भाची जरा जास्तच हसली होती. रविवारी मिळून ठरवू, असं म्हणून तिने फोन ठेवला. आज बुधवार होता.

"मग कुणाला होकार दिला?"

"डेबियन. कंपनीच्या पानावर त्या नावाशेजारी लाल वेटोळं होतं. सकाळी हा कॉम्प्युटर सुरू केला की येतं ना, तेच. तुझ्या मामीनेच घातलंय ह्यात. म्हटलं, ओळखीचं आहे."

भाचीच्या खांद्यावरची पिशवी कोपरापर्यंत घसरली. तिने ती सावरली नाही.

"निवडलं म्हणजे नुसतं ठरवलं ना, मामा?"

"बटण दाबलं."

त्याने पडद्यावर बोट ठेवलं. 'पुन्हा बसवा.' खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: या सर्व्हरवरचं सगळं पुसलं जाईल. ती ओळ त्याने बटण दाबल्यानंतर वाचली होती.

"मला वाटलं, आपण मशीनमधला शाईचा टोनर बदलतो तसं असेल. टोनर बदलला म्हणून ट्रेमधले कागद जातात का कुठे?"

भाचीने खुर्ची ओढली. बराच वेळ फक्त तिच्या बोटांचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"कोरं आहे," ती म्हणाली. "मामींनी कुठे दुसरी प्रत ठेवली होती?"

झेरॉक्सवाला मशीनच्या कोमट झाकणावर हात ठेवून उभा होता.

"तीस वर्षं लोकांच्या प्रती काढतोय. दाखले, प्रश्नपत्रिका. एकाने तर प्रेमपत्राच्या दोन काढून नेल्या. तिची एक काढून ठेवावी, असं कधी डोक्यात आलं नाही बघ."

फोन वाजला. त्याने नाव पाहून घेतला नाही. "निवृत्त मास्तर आहेत, तिची पुस्तकं ऐकणारे. रोज विचारतात, नावाड्याचं पुढे काय झालं? तिचं शेवटचं पुस्तक. शेवटची चार प्रकरणं तिने डोक्यावरून चादर घेऊन वाचली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. त्या सर्व्हरवर नुसती ठेवली होती; ऐकून, तपासून मगच लोकांसाठी लावणार होती, ते राहिलं. आणि सर्व्हरवर चढवलं की रेकॉर्डर ती दर वेळी पुसून टाकायची. मी दाराबाहेर बसायचो. शब्द नाही कळायचे, गुणगुण यायची नुसती."

भाचीने डोळ्यांना ओढणीचं टोक लावलं आणि पुन्हा पडद्याकडे वळली, निदान त्याच्याकडे पाहावं लागू नये म्हणून. कंपनीच्या खात्यातली सर्व्हरची यादी वरखाली करता करता तिचा हात थांबला.

"मामा, हा दुसरा सर्व्हर कुणाचा? 'सावकाश' नाव आहे."

तो वळला. "मलाच म्हणायची ती. शिकवते म्हणाली, की मी म्हणायचो, शिकू सावकाश."

मामीने वहीत लिहून ठेवलेला पासवर्ड इथेही चालला. आत अकरा वर्षांची पुस्तकं ओळीने लावलेली होती. भाची एकेक नाव मोठ्याने वाचत गेली. शेवटी नावाड्याचं पुस्तक आलं, चार प्रकरणं कमी असलेलं. त्याच्याखाली एक छोटी फाइल होती: 'आधी हे ऐका'. तारीख मामी जाण्याच्या तीन आठवडे आधीची.

भाचीने आवाज वाढवला. आधी श्वास ऐकू आला. मग:

"अहो, बसा आधी. उभ्याने ऐकू नका. हे दुसरं मशीन तुमच्यासाठी आहे. दुकानात आहे तेच घातलंय ह्यात, लाल वेटोळ्याचं. पोरीने चांगली दहा नावं सांगितली तरी तुम्ही तेच शोधणार, म्हणून. आणि तुम्ही ते पहिलं एकदा तरी पुसणार. नाही म्हणू नका. पुसलंत, की स्वतःवर चिडू नका, पाणी प्या आणि इकडे या. उरलेली चार प्रकरणं वाचून झाली, की तीही आणून ठेवते इथे. दमले आता. बसलात ना?"

झेरॉक्सवाला बसला. जमिनीवरच, कागदांच्या गठ्ठ्यावर.

भाचीने पाण्याची बाटली पुढे केली. त्याने दोन्ही हातांनी धरली आणि तशीच धरून राहिला. फोन पुन्हा वाजू लागला. या वेळी त्याने उचलला.

"हो, मास्तर. सापडलं," तो म्हणाला. "नावाड्याचं... मला नाही माहीत हो. बघतो वाचून."

ते पुस्तक आता तिच्या वेबसाइटवर पुरं आहे. कधी ऐकलंत, तर शेवटच्या चार प्रकरणांशी आवाज बदलेल. घोगरा आहे, जोडाक्षराला अडखळतो, मध्येच मागे झेरॉक्सचं मशीन घरघरतं. त्याला नावं ठेवू नका. चादरीखाली बसून, दम खात खात, तीच पानं आधी जिने एकदा वाचली आणि जी कुणालाच ऐकू आली नाही, तिची तेवढी आठवण करा.