पळसाच्या पानांचा वैजनाथ

माझं तेरावं मी पाहिलं नाही, पण जेवण झकास झालं होतं म्हणे. बुंदी कमी पडली नाही. हे मला शेगाव स्टेशनावर आमच्या गावच्या निवृत्तीनं सांगितलं, तेही चार हात लांब उभं राहून. मी फ्रान्सातून परतलो होतो, आणि माझे पाय उलटे तर नाहीत ना, हे तो निरखून बघत होता.

जर्मनच्या लढाईच्या वेळी मजूर पलटणीबरोबर मी खेचरं हाकायला तिकडं गेलो. डोंगरातल्या एका छावणीत माझं खेचर आजारी पडलं. मी त्याच्यापाशी थांबलो, आणि सकाळी पाहतो तर पलटण हललेली. तिथली भाषा मला येत नव्हती. आमच्या संग्रामपूरकडं वाट चुकलेल्याला एकच सांगतात, सातपुडा पाठीशी ठेव अन् चालू लाग, पुढं रेल्वे लागतेच. मी तेच केलं. डोंगर पाठीशी ठेवला, तर पुढ्यात दुसरा. तो ओलांडून पाठीशी टाकला, तर तिसरा. अक्कल गहाण टाकल्यासारखा बावन्न दिवस चाललो. खेचर नवव्या दिवशी मेलं. गावोगावच्या म्हाताऱ्यांनी पाव दिला, गरम रस्सा दिला, गोठ्यात निजू दिलं. कुणी जात विचारली नाही. बर्फात पायाची बोटं बधिर झाली आणि मग तो बधिरपणा वर चढत गेला. शेवटी शेवटी घर आठवायचं, पण त्यानं आत काही व्हायचं नाही.

पुढं दीड वर्ष तिकडच्याच इस्पितळात गेलं, माझं नाव-गाव तिथं कुणाला कळलं नाही. दोन बोटं कापली. इकडं सरकारी कागद आला होता: पत्ता नाही, मेला असावा. माझे वडील किसनराव ‘असावा’वर थांबणारे नव्हते. वर्षभर वाट पाहून त्यांनी पळसाच्या पानांचा वैजनाथ, म्हणजे माझा पुतळा, केला आणि रीतसर जाळला. माझ्या बायकोचं, कोकिळेचं, कुंकू पुसलं.

आता जिता वैजनाथ दारात उभा. नीळकंठभटजींनी उंबरा ओलांडू दिला नाही.

"ज्याचं क्रियाकर्म झालं, त्याले तसंच घरात घेता येत नाई. आदी जन्म, मंग बारसं, मंग लगन. त्याच बायकोसंगं."

मला तुपापाण्यानं न्हाऊ घातलं. पिंपळगाव राजाहून झुंबरआत्या आली, तिनं माझ्या मिशाळ तोंडाजवळ वाकून कानात नाव सांगितलं. बाया खो खो हसल्या. मलाही हसू यायला हवं होतं.

लग्न शुक्रवारी ठरलं. तोवर मी गोठ्यात. कोकिळा अंतरपाटापलीकडं उभी राहिली तर मी घरातला, नाही तर कायमचा गोठ्यातला. तिला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या लग्नातही नव्हतं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

गुरुवारी तिन्हीसांजेला ती भाकर घेऊन आली.

"मले पाहून तुमाले काई वाटते?"

मी आत खूप शोधलं. "नाई," म्हणालो.

"मंग उद्या मी उभी राह्यत नाई. वाटन तवा सांगा."

आणि खरंच राहिली नाही. किसनरावांनी घर डोक्यावर घेतलं, भटजी अंतरपाटाची घडी घालून निघून गेले.

याला आता तीन वर्षं झाली. ती रोज भाकर आणते, रोज विचारते, "आज?" मी म्हणतो, "नाई." गावचे पंजाबराव पाटील म्हणतात, "खोटं बोल ना बे, एका शब्दात घर भेटते." पण खोटं बोलायलाही काहीतरी वाटावं लागतं.

काल तिनं विचारलं, मी नाही म्हणालो, आणि कोण जाणे कसं, तोंडातून निघून गेलं, "अन् तुले?"

ताट ठेवता ठेवता ती थांबली.

"मले तं तुमी आले त्याच दिवशी वाटलं," ती म्हणाली. "तुमी इचारलंच नाई."

ती गेली. मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. पण भाकर घशाखाली उतरेना.