शेजारच्या बाजूची पट्टी

दुकानदाराने काउंटरवर तीन प्रकारचे वायपर मांडले आणि हात झटकले. "बघा काकू. हे बिनसांगाड्याचं, नवी फॅशन. हे पत्र्याच्या सांगाड्याचं. आणि हे नुसतं रबर, जुन्यात सरकवायचं. जसा खिसा तसा माल."

तिने मधलं उचललं. रबर बोटावर दुमडलं आणि दाराच्या उजेडात धरलं. दुमडीवर बारीक पांढरी रेघ उमटली.

"हे पडून राहिलेलं आहे. ताजं काढ."

"बाप रे! कुणाकडे शिकलात हो?"

"आमचे हे गाडी शिकवायचे."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे मास्तरांच्या घरच्या! अहो, मलाही त्यांनीच शिकवलं. क्लच सोडताना गाडी उडाली की म्हणायचे, बेडूक विकत घेतलाय का?" तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, "आता कसे आहेत?"

"आहेत," ती म्हणाली.

त्याने आतून ताजा माल आणला. लांब पट्टी चालवणाऱ्यापुढची, आखूड शेजारच्या बाजूची. तिने लांब तेवढी बाजूला घेतली.

"जोडी घ्या की. आखूड काय फार महाग नाही."

"आमच्या घरी आखूड कधी विकत आणलेली नाही."

ते खरंच होतं. मास्तरांची पद्धत ठरलेली. दरवर्षी पावसाळ्याआधी एकच लांब पट्टी नवी यायची. उतरलेल्या लांब पट्टीतलं त्यातल्या त्यात धड रबर ते हिच्या शिवणाच्या कात्रीने कापायचे आणि शेजारच्या सांगाड्यात सरकवायचे. म्हणायचे, "चालवणाऱ्याला दिसलं म्हणजे झालं." आणि शेजारी कोण, तर ही. चाळीस वर्षं तिने सगळे रस्ते, सगळे घाट धूसर काचेतून पाहिले. एकदा धरणावर गेले होते. मुलगी मागच्या सीटवर, चार वर्षांची. मास्तर एकसारखे म्हणत होते, "बघ, बघ, काय पाणी सोडलंय!" आणि ही शेजारून म्हणाली होती, "मला तर कुणीतरी दुधाचा हात फिरवल्यासारखं दिसतंय." मास्तर इतके हसले की गाडी कडेला घ्यावी लागली.

अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं, तिला मात्र नाही. बायकोला गाडी शिकवली की संसार मोडतो, असं त्यांचं मत. ते किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवू लागले, रोजच्या रस्त्यावरून घर चुकू लागले, तेव्हा साठी उलटल्यावर ती दुसऱ्याच एका शाळेत जाऊन शिकली. आता मास्तर टेकडीवरच्या शुश्रूषागृहात होते, तिथे जायला बस नव्हती.

आणि या रविवारचं तर सगळंच या गाडीवर येऊन ठेपलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "एक तास फिरवून आणा. घरावरून न्या. घर ओळखलं तर महिनाभर घरी ठेवून बघू. नाहीच ओळखलं तर वरच्या मजल्यावर हलवावं लागेल." वरच्या मजल्याच्या दाराला बाहेरून कडी होती. तिने ती पाहिली होती.

संध्याकाळी तिने अंगणात बसून जुन्या पट्टीतलं रबर काढलं, त्याच कात्रीने कापलं, आखूड सांगाड्यात सरकवलं. काम नीट झालं. मास्तरांनी पाहिलं असतं तर मान हलवली असती. शेजारी आता कोण बसणार आहे, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. हात चाळीस वर्षांच्या सवयीने चालत होते.

रविवारी पाऊस होता. सिस्टरने मास्तरांना शर्ट-पँट घालून, भांग पाडून खाली आणलं. ते शेजारच्या सीटवर बसले, आपणहून पट्टा लावला, आरशाकडे पाहिलं.

"आरसा बघितला का बाई?"

"बघितला."

"मग चला. पहिला टाका. घाई नको."

तिने पहिला टाकला. एका परीने बरं वाटलं. सगळ्या गावाला मिळालेला तो आवाज इतक्या वर्षांनी तिच्या वाट्याला आला होता. उतारावर ते म्हणाले, "ब्रेकवर नाचू नका," आणि ती चक्क हसली.

घराशी तिने गाडी थांबवली. त्यांच्या बाजूला, जरा पुढे, फाटक होतं. पहिली शिकवणीची गाडी भंगारात गेली तेव्हा तिचं स्टीअरिंग मास्तरांनी या फाटकात जोडून घेतलं होतं. मुलगी लहानपणी ते फिरवत तोंडाने हॉर्न वाजवायची.

"अहो, बघा ना. काय दिसतंय?"

मास्तर वाकून बघू लागले. त्यांच्यापुढचं रबर काचेवरून कण्हत गेलं आणि मागे जाड पांढरट पट्टा सोडून परत आलं. पुन्हा गेलं. बाजूच्या काचेवर तर पाण्याचे ओघळच होते.

"काही दिसत नाही," ते म्हणाले.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने हात लांब करून त्यांची खिडकी खाली केली, पण आत पाणी आल्याबरोबर मास्तर घाबरले, दाराचा खटका ओढू लागले. तिला गाडी काढावी लागली. वाटेत ती स्वतःला लाख शिव्या देत होती. चार पैशांसाठी, एका कापलेल्या रबरासाठी!

"काच धूसर होती हो," तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. "त्यांना दिसलंच नाही. ओळखणार कसं? चूक माझी आहे. एक रविवार आणखी द्या."

डॉक्टरीणबाईंनी तारीखवही उघडली. "एकच," त्या म्हणाल्या.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी ती पायरीवर उभी होती. "आखूड दे. पत्र्याचं नको, ते भारीतलं दे."

"अहो काकू, तुमच्या गाडीला हे हुकात अडकवायचं साधंच नीट बसेल. उगाच तिप्पट कशाला देता?" त्याने स्वतः बाहेर येऊन पट्टी बसवली, काचेवर तांब्याभर पाणी ओतलं आणि वायपर फिरवून दाखवला. एका फेऱ्यात काच आरशासारखी. "बघा. पाखरू आपटेल हिच्यावर."

आठवडाभर ती हलक्या पायांनी वावरली. घरातली मास्तरांची खाट खिडकीशी ओढली, उशीला नवा अभ्रा शिवला. मुलीला फोनवर म्हणाली, "अगं, दोष काचेचा होता." मुलगी म्हणाली, "तू वेळेवर जेवतेस ना?"

रविवारी पुन्हा पाऊस. आरसा, पट्टा, पहिला, घाई नको. या वेळी तिने गाडी फाटकापुढे तिरकी घेतली, घर थेट समोरच्या काचेत यावं म्हणून. नवं रबर आवाज न करता गेलं आणि आलं. फाटक, स्टीअरिंग, पायरी, खिडकीशी ओढलेली खाट, सगळं लख्ख. या बाजूने आपलं घर असं दिसत असेल, हे तिनेही कधी पाहिलं नव्हतं.

"दिसतंय ना?"

"दिसतंय की. स्वच्छ दिसतंय." मास्तर नीट बघत होते. बराच वेळ बघत होते.

"फाटकाला स्टीअरिंग!" ते म्हणाले. "हौशी दिसतोय कुणीतरी. कोण राहतं इथे?"

तिचा हात गिअरवर गेला.

"बाई, दुसऱ्याच्या दारात अशी गाडी लावू नये. मागे घ्या. आरसा बघून."

तिने आरसा पाहिला. गाडी मागे घेतली. टेकडीच्या वाटेवर पाऊस थांबला, ऊन आलं, तरी वायपर चालूच होते. कोरड्या काचेवर ते खरखरू लागले तसे मास्तर अस्वस्थ झाले.

"बंद करा ते. कोरड्यावर रबर जातं. नवं दिसतंय. तुमच्या मालकांनी बसवलंय का?"

"हो."

"चांगलं बसवलंय."

तिने वायपर बंद केले.

डॉक्टरीणबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "आज काच स्वच्छ होती."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि सिस्टरला खूण केली. सिस्टरने मास्तरांचा पट्टा सोडला. उतरताना ते वाकून आत बघत म्हणाले, "हात बसलाय तुमचा. आता परीक्षेला हरकत नाही." मग सिस्टरचा दंड धरून ते आत गेले, आणि थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरची कडी सरकल्याचा आवाज तिला खाली गाडीत ऐकू आला.